युद्धबंदी, शस्त्रसंधी आणि तह

प्रश्न : 1971 च्या युद्धावरचा मजकूर मराठीत आणतेय. 'युद्धबंदी' एका ओळीत लढाई थांबणे या अर्थाने येतो, पुढच्या ओळीत पकडलेला सैनिक म्हणून. काय वापरू? शिवाय 16 डिसेंबरला जिंकलेल्या भारतानेच 'युद्धबंदीचा प्रस्ताव' ठेवला असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला माघार वाटते.

उत्तर : शब्द दोन आहेत, रूप एक. दारूबंदी, नाकाबंदीतली 'बंदी' फारसी आणि स्त्रीलिंगी. बंदिवान, बंदिशाळेतला 'बंदी' म्हणजे कैदी. 'युद्धबंदी झाली', 'युद्धबंदी सुटले' इथे क्रियापद सांभाळून घेतं. पण 'युद्धबंदी करार' म्हटलं की लढाई थांबवायचा करार की माणसं सोडायचा, कळत नाही. तुमच्या विषयात तर सुमारे 93,000 जण पकडले गेले होते! त्यांना 'युद्धकैदी' म्हणा, थांबण्याला 'शस्त्रसंधी'. 'युद्धविराम' हिंदी वळणाचा वाटतो, चूक मात्र नाही.

माघारीचं म्हणाल, तर दोष 'प्रस्ताव' या शब्दाचा. ढाक्यात शरणागती झाली, बांगलादेश मोकळा झाला, म्हणजे उद्दिष्ट साधलं. पश्चिमेला लढत राहिलो असतो तर भारताला पाकिस्तानचा मुलूख हवाय, असा अर्थ निघाला असता. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलेलंच होतं. म्हणून इंदिरा गांधींनी 17 डिसेंबरच्या रात्री 8 पासून पश्चिम आघाडीवर एकतर्फी शस्त्रसंधी *जाहीर केली*. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्याखान यांनी ती मान्य केली. हात वर असलेला जाहीर करतो, अडचणीतला मागतो. क्रियापद जपून निवडा.

आणखी एक : कुठेही 'तह' लिहू नका. तह म्हणजे अटींसह मिटवणं. वज्रगड पडला, पुरंदराला वेढा कायम होता, तेव्हा शिवाजी महाराजांनी जून 1665 मध्ये 23 किल्ले देऊन केला तो तह. माणसं वाचली, आणि 1670 पासून किल्ले परत येऊ लागले. तहामागे असाही हेतू असतो, आणि त्याला हार म्हणणं मला पटत नाही. शस्त्रसंधीत फक्त शस्त्रं थांबतात. कोरियात ती 27 जुलै 1953 ला झाली, शांततेचा तह अजून झालेला नाही. आपल्याकडेही सिमला करार थेट 2 जुलै 1972 चा.

प्रश्नकर्ती : मग ओळ अशी करते : 'ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, दुसऱ्या दिवशी रात्री भारताने जाहीर केलेली शस्त्रसंधी पश्चिमेला लागू झाली. युद्धकैद्यांचा प्रश्न पुढे बराच काळ राहिला.'

उत्तर : चोख. 'फौज'आधी 'पूर्वेकडची' घाला.