नाल्याच्या पाण्यावरचा पोकळा गरोदर सुनेला द्यावा का?

शुक्रवार पेठेतली आई:
नमस्कार. माझ्या सुनेला पाचवा महिना लागलाय. हिमोग्लोबिन ९.२ आलं. डॉक्टर मॅडमनी गोळ्या दिल्या आणि रोज पालेभाजी खायला सांगितली. तेव्हापासून घरात पोकळा, मेथी, चाकवत, पालक आलटून पालटून चाललंय. भाजी दारावर येणाऱ्या मावशींकडून घेते, वीस वर्षांची ओळख आहे. त्यांचा पोकळा म्हणजे पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी, देठ कचकन मोडणारं.

परवा रविवारी काही कामानं त्यांच्या रानात जाणं झालं. बांधाखालून नाला वाहतोय आणि त्यातच मोटरीचा पाइप सोडलाय. पाण्यावर तेलाचा तवंग होता. मावशींनी मायेनं दोन पेंढ्या पिशवीत घातल्या, मला नको म्हणवेना. घरी येऊन मिठाच्या पाण्यात तीनदा धुतल्या, तरी फोडणीत टाकायला हात धजेना. रात्रभर तशाच ओट्यावर राहिल्या.

नाल्याच्या पाण्यातून शिसं, कॅडमियम असले विषारी धातू भाजीत उतरतात म्हणतात. ते धुऊन जातात का? शिजवल्यावर जातात का? की पालेभाजीच बंद करू? पोटातल्या बाळाचा प्रश्न आहे, म्हणून विचारते.

माती-पाणी:
ताई, पालेभाजी बंद करू नका. माती परीक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंगात लोह कमी असलं की आतडं अन्नातलं कॅडमियम जास्त ओढून घेतं. म्हणजे सूनबाईंचं लोह भरून काढणं हाच तिचा बचाव आहे. गोळ्या चुकू देऊ नका.

आता धुण्याचं. शिसं मुळातून पानापर्यंत फारसं चढत नाही. ते बहुतेक धुळीबरोबर आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी उडालेल्या मातीबरोबर पानावर बसतं. पेंढीची मुळं बुडख्यासकट कापून टाका, मग पानं मोठ्या पातेल्यात बुडवून वर उचलून घ्या. पाणी ओतताना तळाला गाळ दिसतो ना, तो दिसेनासा होईपर्यंत पाणी बदला. शिसं बरंचसं असंच जातं. कॅडमियमचं तसं नाही. ते मुळावाटे चढून पानाच्या आत बसतं. तिथं मीठ, व्हिनेगर, उकळणं यांचा भरवसा धरू नका. पालकात आणि माठ-पोकळ्यात ते जास्त साठतं, दोडका, दुधी, भेंडीत त्या मानानं कमी.

शरीरात ते मूत्रपिंडात मुक्काम करतं आणि निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानात तोयामा भागात खाणीचं कॅडमियम असलेलं पाणी जिंझू नदीतून भातशेतीत गेलं आणि बायकांची हाडं ठिसूळ झाली. त्या रोगाचं नाव इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. तो प्रदूषणाचा रोग आहे हे तिथल्या सरकारनं १९६८ साली मान्य केलं. पण ते वर्षानुवर्षं तोच भात खाऊन झालं. महिनाभराच्या पोकळ्यानं घाबरून जाऊ नका, फक्त पुढची वर्षं तेच पाणी नको.

करवीरचा मळेकरी:
काकी, मी नदीकाठचा भाजीवाला शेतकरी. मावशींवर रागावू नका. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी हुकमी मिळतं, त्यात नत्र असतं, युरियाचं पोतं वाचतं. तो गर्द हिरवा रंग त्याचाच.

तवंग आहे म्हणजे धातू आहेतच असं नव्हे, आणि पाणी नितळ आहे म्हणजे नाहीत असंही नव्हे. वरच्या अंगाला काय आहे ते बघा. नुसतं घरांचं सांडपाणी येतंय, की एखाद्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवणाऱ्या शेडचं? आपल्या कोल्हापूरकडं फाउंड्री, मशीनशॉप, हुपरीचं चांदीकाम, सगळंच आहे. विहिरीच्या पाण्यावरची भाजी मागा आणि पेंढीमागं दोन रुपये जास्त द्या. आम्हाला तेवढ्यानं परवडतं. रानात शेणखत भरपूर असलं, माती आम्ल नसली, तर पीक कॅडमियम कमी उचलतं. म्हणून तांबड्या आम्ल रानात चुना टाकतात.

शुक्रवार पेठेतली आई:
दोघांचेही आभार. भाजी तपासून मिळते का? आणि शिशाची भीती अजून जात नाही.

माती-पाणी:
मिळते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम ही कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा. रिपोर्ट ताज्या वजनावर आहे की वाळवलेल्या, हे आधी विचारा. पालकात नव्वद टक्क्यांवर पाणी असतं, त्यामुळे वाळवून मोजलं तर आकडा दहापटीनं मोठा दिसतो. लोक इथंच हबकतात.

शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं, तुमची भीती खरी आहे. रक्तातलं शिसं तपासता येतं. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तपासणी करायची का, ते मॅडमना विचारा. कॅल्शियमचंही विचारा. आणि एक, चाकवताचं ताकातलं गरगट कल्हईच्या पातेल्यात करता का? कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असली तर आंबट पदार्थात ते उतरतं. स्टीलमध्ये करा.

शुक्रवार पेठेतली आई:
पातेलं पितळीच होतं, सासूबाईंचं. काल माळ्यावर ठेवलं.

मावशींशी आज पायरीवर बसून बोलले. त्यांना वाईट वाटेल म्हणून जीव धाकधुकत होता. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझी नात बी त्योच पोकळा खाती की." त्यांच्या दिराची विहीर वरच्या रानात आहे. तिथं दोन वाफे टाकते म्हणाल्यात. पंचवीस-तीस दिवसांत येईल म्हणे. तोवर सुनेसाठी त्याच विहिरीवरची मेथी आणणार आहेत.