'नल'ला मराठीत काय म्हणावं? 'निरंक' चालेल का?

निपाणीजवळच्या एका दूध संस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो. पडद्यावरचे शब्द मराठी आणि कन्नड दोन्हीत हवेत. टेबलला तक्ता, रोला ओळ, कॉलमला रकाना हे पटकन जमलं. अडलो 'नल'पाशी (इंग्रजी null, म्हणजे रकान्यात किंमतच भरलेली नाही अशी खूण). आधीच्या माणसानं तिथं 'निरंक' लिहून ठेवलंय आणि त्यावर माझा आक्षेप आहे.

निरंक म्हणजे 'काही नाही' असं ठामपणे सांगणं. तलाठी कचेरीत निरंक अहवाल देतात तो पाहून, मोजूनच. नलमध्ये ठामपणा कुठला? तिथं माहितीच आलेली नसते.

गेल्या महिन्यात एका मावशींच्या म्हशीच्या दुधाची फॅट लागली ६.५, मग ७.०. तिसऱ्या वेळी मशीन बंद. नोंद करणाऱ्या पोरानं रकान्यात 'निरंक' पाहिलं आणि ० टाकला. सरासरी आली ४.५. मावशी पावती घेऊन दारात उभ्या! रकाना नल राहिला असता तर एव्हीजी फंक्शननं ती ओळ वगळली असती आणि सरासरी ६.७५ आली असती. शब्द चुकला की पैसे चुकतात, म्हणून विचारतोय.

'खाली' हा शब्द सुचला होता. कन्नडमध्ये खाली म्हणजे रिकामं, आमच्याकडच्या बोलीतही 'डबा खाली हाय' चालतं. पण 'रकाना खाली' वाचून कोल्हापूरकडचा माणूस खालचा रकाना शोधत बसेल. माझा कल 'नोंद नाही'कडे आहे.

खानापूरहून उत्तर
अण्णा, निरंकबद्दल अगदी बरोबर. तक्त्यांच्या (रिलेशनल) डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं १९८५ साली अशा डेटाबेससाठी जे बारा नियम मांडले, त्यातला तिसरा नियम हेच सांगतो: नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी अक्षरमाळही (एकही अक्षर नसलेला मजकूर) नव्हे. म्हणून 'कोरा'सुद्धा नको. डेटाबेसच्या सॉफ्टवेअरपैकी मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये रिकामी अक्षरमाळ आणि नल वेगळे असतात, ओरॅकल मात्र दोन्ही एकच धरतं.

पण 'नोंद नाही' सगळीकडे बसत नाही. हयात सभासदाच्या 'मयत दिनांक' रकान्यात नल असतो. तिथं नोंद राहून गेलेली नाही, ती लागूच नाही. तिथं 'लागू नाही' लिहा. कॉडच्या नियमात या दोन्ही गोष्टी आहेत, राहिलेली माहिती आणि लागू नसलेली माहिती.

मूळ लेखकाकडून
दिनांकाचं पटलं ताई. फॅटच्या रकान्यात 'नोंद नाही' आणि मयत दिनांकात 'लागू नाही' ठेवतो. क्वेरीत (डेटाबेसकडून माहिती मागवायच्या आज्ञेत) मात्र 'नल'च राहील. तिथं 'फॅट = नल' लिहिलं तर एकही ओळ हाती येत नाही, 'इज नल' लिहावं लागतं. कन्नड शब्दांसाठी चिकोडीच्या मित्राला विचारतोय.