इंग्रजी सगळ्यांची, मग गुण कापणारे कोण?

खडूफळा: ‘इंग्रजी आता जगाची सामाईक भाषा आहे, तेव्हा ‘शी गोज’मधल्या शेवटच्या ‘एस’साठी तास वाया घालवू नयेत, समोरच्याला कळले की पुरे,’ असे येथे काल ठामपणे लिहिले गेले. वाचून राहवले नाही. या मताचे पुरस्कर्ते ज्यांचा दाखला देतात, त्या भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली मांडलेल्या उच्चारांच्या गाभ्यात, म्हणजे परस्परांना समजण्यासाठी आवश्यक उच्चारांच्या यादीत, ‘थिंक’मधला ‘थ’ ऐच्छिक ठरवला असला, तरी ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद आणि वाक्यात नेमक्या शब्दावर येणारा आघात हे दोन्ही आवश्यकच मानले आहेत. ‘काहीही चालते’ हा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय माझ्या एका विद्यार्थिनीचा मुद्देसूद निबंध केवळ अशा गळलेल्या ‘एस’पायी लाल रेघांनी भरून परत आला. तिला मी कोणता सिद्धांत ऐकवायचा होता?

कानामात्रा: परीक्षक चुकीचे मोजतो म्हणून आपणही तेच मोजायचे, हा न्याय अजब आहे. अर्थाला बाध न आणणाऱ्या त्रुटीसाठी गुण कापले गेले, ही तक्रार आपण परीक्षा मंडळाकडे न करता आमच्याकडे करत आहात.

जुना मास्तर: ‘कळले की पुरे’ म्हणणाऱ्यांनी २७ मार्च १९७७ आठवावा. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर डच सहवैमानिकाने ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’ असे सांगितले. विमान उड्डाणासाठी सज्ज होऊन थांबले आहे, असे स्पॅनिश हवाई नियंत्रकाला वाटले, प्रत्यक्षात ते धावू लागले होते. दोन विमानांच्या त्या टकरीत ५८३ माणसे मेली. एका ढिसाळ वाक्याची ही किंमत होती.

कानामात्रा: दाट धुके, एकाच वेळी झालेल्या संदेशांमुळे रेडिओवर उठलेली शीळ आणि निघण्याची घाई या गोष्टी सोयीस्करपणे गाळून आपण सारा दोष व्याकरणावर ढकललात. शिवाय त्यानंतर उपाय काय झाला? कोणाला लंडनचे उच्चार शिकवले गेले नाहीत. ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, असे ठरले. सामाईक भाषा शिकवणे म्हणतात ते हेच.

ढगांपलीकडे: विमानाचा विषय निघालाच आहे, तर १९९० साली न्यूयॉर्कजवळ कोसळलेले कोलंबियाचे विमानही आठवावे. इंधन संपत आल्याचे वैमानिक सांगत होते, पण त्यांनी आणीबाणी जाहीर केली नाही, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा होती त्या नियंत्रकांनीही खोदून विचारले नाही. ७३ जण गेले. तरीही शिकवणीची गरज फक्त परक्यांनाच, असे आपण सगळे गृहीत धरून बसलो आहोत. मी ज्या बैठकांना बसते, तेथे इतर देशांचे सहकारी एकमेकांना सहज समजून घेतात. एखादा इंग्रज भरधाव, वाक्प्रचारांची पेरणी करत बोलू लागला, की सगळे माना डोलावतात आणि नंतर एकमेकांना विचारतात, की तो नेमके काय म्हणाला.

जुना मास्तर: म्हणजे आता इंग्रजांनाच इंग्रजी शिकवायची! धन्य आहे.

ढगांपलीकडे: हसण्याआधी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, वैमानिक आणि नियंत्रकांचे भाषाकौशल्य मोजणारी भाषापट्टी पाहावी. तिच्या सर्वोच्च, म्हणजे सहाव्या पातळीवरही उच्चारांवर मातृभाषेची छाप असलेली चालते, मात्र त्यामुळे समजण्यात जवळपास कधीही अडथळा येता कामा नये. आपल्यासारख्या हेटाळणी करणाऱ्या मास्तरांमुळेच कित्येक मुले वर्गात तोंड उघडत नाहीत.

जुना मास्तर: वैयक्तिक शेरेबाजीला उत्तर देत नाही. मात्र त्या पट्टीत व्याकरणाचाही रकाना आहे, तो आपण वगळलात.

खडूफळा: विमाने उतरली असतील तर मूळ विषयाकडे येऊ. ‘थ’वर मी यापुढे वेळ घालवणार नाही, एवढे कानामात्रा यांच्या विजयोत्सवासाठी जाहीर करतो. बोलण्यात ‘एस’ गळला तरी मी टोकणार नाही. लेखनात मात्र परीक्षेची गुणपद्धती बदलेपर्यंत तो शिकवणारच, कारण नापासाचा शिक्का सिद्धांतावर बसत नाही, त्या मुलीवर बसतो.

कानामात्रा: निम्मे मान्य केलेत, हेही नसे थोडके. गुणपद्धती बदलण्यासाठी मंडळाला पत्र लिहिणार असाल, तर मसुदा मी करतो. ‘एस’ आपण तपासा.