जेडीबी बिल्ड टूलच्या आतून चालवावा की बाहेरून जोडावा?

अर्धविराम

दूरच्या मशीनवर एसएसएचने शिरलोय, आयडीई नाही, हाताशी फक्त जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच). अशा वेळी जेडीबीशिवाय, म्हणजे जेडीकेसोबत येणाऱ्या कमांडलाइन डीबगरशिवाय, पर्याय नसतो. माझं मत असं की, प्रकल्पात मेव्हन किंवा ग्रेडल हे बिल्ड टूल असेल तर जेडीबीसुद्धा त्याच्याच टास्कमधून सुरू करावा. कोणते जार (लायब्ररींच्या फाइली), कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या क्रमाने, हे टूललाच नेमकं माहीत असतं. हाताने क्लासपाथ (क्लास कुठे शोधायचे त्याची यादी) जोडत बसलं की कधीतरी जुना जार आत येतो आणि प्रत्यक्षात चालतच नसलेल्या कोडमध्ये आपण चूक शोधत राहतो.

मेव्हनमध्ये एक्झेक प्लगइनचं 'एक्झेक' गोल (प्लगइनचं एक ठरावीक काम) घ्यावं; 'जावा' गोल नको, कारण ते मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये (जावा कोड चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) मेन क्लास चालवतं. एक्झिक्युटेबल म्हणून जेडीबी द्यायचा. आर्ग्युमेंटमध्ये '-क्लासपाथ', त्याखाली रिकामा क्लासपाथ टॅग, मग '-सोर्सपाथ' आणि शेवटी पॅकेजसकट मेन क्लासचं नाव. रिकाम्या टॅगच्या जागी प्लगइन स्वतः पूर्ण यादी भरतं. टेस्टचे क्लासही हवे असतील तर क्लासपाथस्कोप 'टेस्ट' करायचा.

ग्रेडलमध्ये एक्झेक प्रकारचा टास्क लिहायचा, कमांडलाइनमध्ये जेडीबी आणि मेन सोर्ससेटचा रनटाइम क्लासपाथ द्यायचा. सोबत स्टँडर्डइनपुटला सिस्टम.इन जोडणारी एक ओळ लागते. ती राहिली तर जेडीबी उघडताक्षणी 'इनपुट स्ट्रीम क्लोज्ड' असं सांगून बंद होतो. एकदा हे लिहून रिपॉझिटरीत टाकलं की टीममधल्या कोणालाही एका कमांडमध्ये डीबगर मिळतो.

स्टॅकट्रेस

क्लासपाथबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. टूलने जेव्हीएम उभं करावं, एवढंच त्याचं काम. जेडीबी हा सतत संवाद करणारा प्रोग्राम आहे आणि बिल्ड टूल हे संवादासाठी बनवलेलंच नाही.

अँट हे बिल्ड टूल घ्या. त्याच्या दस्तऐवजातच लिहिलंय की एक्झेक टास्कने किंवा फोर्क केलेल्या (वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवलेल्या) जावा टास्कने सुरू केलेल्या प्रोग्रामशी संवाद करता येत नाही. इनपुट द्यायचं तर ते फाइलमधून किंवा ठरावीक मजकूर म्हणून आधीच द्यावं लागतं. १.६ आवृत्तीपासून आतल्या प्रोग्रामने वाचायचा प्रयत्न केला की त्याच्या हाती थेट फाइलचा शेवट येतो. म्हणजे अँटमध्ये तुमची पद्धत मुळात चालतच नाही.

ग्रेडलमध्ये चालते, पण कशी? जेडीबीचा 'मेन[१]' हा प्रॉम्प्ट ओळ न संपवता छापला जातो आणि त्याच जागेवर ग्रेडलचा प्रगतीपट्टा येऊन बसतो. '--कन्सोल=प्लेन' आणि '-क्यू' दिल्याशिवाय धड वाचता येत नाही. शिवाय टास्क डेमनमध्ये (ग्रेडलच्या पडद्यामागे चालू राहणाऱ्या प्रोसेसमध्ये) चालतो, तिथे खरा टर्मिनल नाही. त्यामुळे जेडीबीला मागच्या कमांडी बाणाने आणता याव्यात म्हणून आपण जे आरएलरॅप लावतो, ते टास्कच्या आत निरुपयोगी ठरतं.

आणि जो प्रोग्राम तपासायचाय तोच कीबोर्डवरून काही वाचत असेल तर? जेडीबीने स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामला इनपुट पोचत नाही, सगळ्या ओळी जेडीबीच गिळतो. ही अडचण टूलमुळे आलेली नाही, लाँच पद्धतीतच आहे. जोडण्याच्या पद्धतीत, म्हणजे प्रोग्राम वेगळा सुरू करून जेडीबी त्याला बाहेरून जोडला तर, ती उरत नाही.

शून्यसूचक

मला दोघांचंही अर्धंच पटतं. टूलकडून फक्त क्लासपाथ मागून घ्या आणि पुढे त्याला बाजूला करा. मेव्हनच्या डिपेंडन्सी प्लगइनमध्ये 'बिल्ड-क्लासपाथ' गोल आहे, आउटपुटफाइल सांगितली की पूर्ण ओळ फाइलमध्ये मिळते. तिच्यापुढे टार्गेटमधला क्लासेस फोल्डर आपण जोडायचा, कारण हे गोल फक्त डिपेंडन्सी देतं, प्रकल्पाचे स्वतःचे क्लास देत नाही. मग थेट जेडीबी. टर्मिनल खरा, आरएलरॅप चालतं, डेमनचा प्रश्न नाही. बिल्ड पुन्हा पुन्हा चालवण्यात वेळही जात नाही.

अर्धविराम

शून्यसूचक, साध्या मेन क्लासपुरतं हे ठीक आहे. पण प्रकल्पात मॉड्यूल-इन्फो फाइल (जावा मॉड्यूल जाहीर करणारी) असली की शुअरफायर, म्हणजे टेस्ट चालवणारं मेव्हनचं प्लगइन, टेस्ट मॉड्यूलपाथवर चालवतं आणि टेस्टचे क्लास '--पॅच-मॉड्यूल'ने आत घालतं. तुमच्या फाइलमधल्या सपाट क्लासपाथवर तीच टेस्ट वेगळी वागू शकते. रिफ्लेक्शनवरच्या मर्यादा तिथे लागूच होत नाहीत, म्हणजे मॉड्यूलमुळे येणारी चूक तुम्हाला दिसणारच नाही. पॉममध्ये (मेव्हनच्या प्रकल्प फाइलमध्ये) दिलेले सिस्टम प्रॉपर्टी आणि आर्गलाइनही (टेस्टच्या जेव्हीएमला द्यायची आर्ग्युमेंट) गळतात. ज्या परिस्थितीत टेस्ट पडते ती परिस्थितीच हातातून निसटली, तर डीबगर काय दाखवणार?

स्टॅकट्रेस

या मुद्द्यावर मी अर्धविराम यांच्या बाजूने आहे, आणि म्हणूनच जोडण्याची पद्धत सांगतोय. टेस्ट टूलच चालवतं, सगळी परिस्थिती जशीच्या तशी राहते, फक्त जेव्हीएम दारात थांबून राहतं.

मेव्हनमध्ये टेस्टसाठी 'मेव्हन.शुअरफायर.डीबग' ही प्रॉपर्टी '-डी' लावून द्या, सोबत 'टेस्ट' प्रॉपर्टीत क्लास, हॅश आणि मेथड. फोर्क झालेलं जेव्हीएम ५००५ पोर्टवर ऐकत थांबतं. इंटिग्रेशन टेस्टसाठी तीच प्रॉपर्टी 'मेव्हन.फेलसेफ.डीबग' या नावाने आहे. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'जेडीबी -अटॅच ५००५'. प्रॉम्प्ट आल्यावर 'स्टॉप इन', पुढे पॅकेजसकट क्लास, टिंब, मेथड. 'डिफरिंग ब्रेकपॉइंट' असं उत्तर आलं तर घाबरू नका, क्लास अजून लोड झालेला नाही एवढाच त्याचा अर्थ. मग 'रन' नव्हे, 'कंट'. जोडलेलं जेव्हीएम आधीच सुरू असतं.

एमव्हीएनडीबग ही स्क्रिप्ट वेगळी, हा गोंधळ फार होतो. ती खुद्द मेव्हनचं जेव्हीएम ८००० पोर्टवर थांबवते. प्लगइन तपासायचं असेल तर ती योग्य. टेस्टमधला ब्रेकपॉइंट मात्र तिथे कधीच लागत नाही, कारण शुअरफायर टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये चालवतं. तिच्यासोबत 'फोर्ककाउंट=०' दिलं तर टेस्ट मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये येते, पण मग आर्गलाइन दुर्लक्षित होते.

ग्रेडलमध्येही तेच जोडपं आहे: टेस्ट किंवा रन टास्कला '--डीबग-जेव्हीएम' दिलं की ५००५ वर ते जेव्हीएम थांबतं, आणि 'ओआरजी.ग्रेडल.डीबग=ट्रू' दिलं की डेमन थांबतो. बिल्ड स्क्रिप्ट तपासायची नसेल तर दुसऱ्याला हात लावू नका. टास्क 'अप-टू-डेट' म्हणून वगळला गेला तर टेस्टच्या आधी 'क्लीनटेस्ट' द्या.

अर्धविराम

यात दोन टर्मिनल, दोन कमांडी आणि पोर्ट लक्षात ठेवणं आलं. शुअरफायरच्या 'जेव्हीएम' पॅरामीटरमध्ये जावाच्या जागी थेट जेडीबीचा मार्ग दिला तर एकाच टर्मिनलमध्ये काम होणार नाही का?

स्टॅकट्रेस

नाही होणार, आणि का नाही हे नीट पाहण्यासारखं आहे. शुअरफायरचं मूळ जेव्हीएम आणि फोर्क एकमेकांशी बोलतात ते स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटवरूनच. कोणती टेस्ट चालवायची हा आदेश इनपुटने जातो, निकाल आउटपुटने परत येतो. मध्ये जेडीबी बसवला तर शुअरफायरचे आदेश जेडीबी स्वतःच्या कमांडी समजून वाचेल आणि जेडीबीचा प्रॉम्प्ट शुअरफायरला निकाल म्हणून मिळेल. फोर्कमधून थेट आउटपुटवर काही छापलं गेलं तरी शुअरफायर 'करप्टेड चॅनल'ची तक्रार करतं, इतका तो मार्ग नाजूक आहे. ३.०.०-एम५ पासून या संवादासाठी टीसीपीचा पर्याय आला, पण तो पॉममध्ये मुद्दाम निवडावा लागतो.

पोर्टपाल

पद्धत कुठलीही निवडा, पुढच्या गोष्टींवर अडकायला होतंच.

जावा_टूल_ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जेडीडब्ल्यूपीचा (डीबगर आणि जेव्हीएममधल्या संवादाच्या प्रोटोकॉलचा) एजंट घालू नका. ते व्हेरिएबल प्रत्येक जेव्हीएम वाचतं: मेव्हन, त्याचा फोर्क, आणि जेडीबीसुद्धा. पहिलं पोर्ट पकडतं, दुसरं 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून सुरू होतानाच मरतं. मग लोक टूलला दोष देतात.

विंडोजवर 'जेडीबी -अटॅच ५००५' चालत नाही. तिथे जेडीबी आधी शेअर्ड मेमरी वापरायला जातो. सॉकेट हवं हे स्पष्ट सांगावं लागतं: '-कनेक्ट', त्यापुढे कॉम.सन.जेडीआय.सॉकेटअटॅच, मग होस्टनेम आणि पोर्ट.

जेडीके ९ पासून नुसता पोर्ट दिला तर एजंट फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. कंटेनरमधल्या जेव्हीएमला बाहेरून जोडायचं तर '*:५००५' लिहावं लागतं. पण जेडीडब्ल्यूपीला ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन. जो जोडेल तो त्या प्रोसेसमध्ये हवा तो कोड चालवू शकतो. म्हणून पोर्ट उघडा टाकण्यापेक्षा एसएसएचचा बोगदा वापरा. हे मी कळकळीने सांगतोय.

'लोकल्स' दिल्यावर 'कंपाइल विथ -जी' असं उत्तर आलं तर बाइटकोडमध्ये व्हेरिएबलची नावं नाहीत. मेव्हन आणि ग्रेडल ती माहिती आपोआप घालतात. अँटच्या जावासी टास्कमध्ये डीबग मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं.

आणि टाइमआउट. ब्रेकपॉइंटवर विचार करत बसलात की घड्याळ चालूच असतं. जेयुनिट ५ मध्ये टाइमआउट मोड 'डिसेबल्ड_ऑन_डीबग' करता येतो, मग एजंट दिसला की टाइमआउट लागू होत नाहीत. शुअरफायरमध्ये कोणी फोर्क्डप्रोसेसटाइमआउटइनसेकंड्स घातलं असेल तर ते तात्पुरतं ० करा, नाहीतर तपास चालू असतानाच फोर्क मारला जाईल.

शून्यसूचक

पोर्टपाल, एकाच मशीनवर अनेक बिल्ड चालत असतील आणि ५००५ कायम अडलेलं असेल तर?

पोर्टपाल

मग दिशा उलटी करा. आधी 'जेडीबी -लिसन' मोकळ्या पोर्टवर लावून ठेवा आणि शुअरफायरच्या त्याच डीबग प्रॉपर्टीत पूर्ण एजंट ओळ द्या, 'सर्व्हर=एन' आणि तोच पोर्ट घालून. जेव्हीएम स्वतः येऊन जोडलं जातं. जेडीबी आधी ऐकत नसेल तर मात्र जेव्हीएम सुरूच होत नाही, एवढा क्रम पाळा. ग्रेडलमध्ये टास्कच्या डीबगऑप्शन्समध्ये पोर्ट, सर्व्हर आणि सस्पेंड वेगवेगळे देता येतात.

अर्धविराम

टेस्टसाठी जोडण्याची पद्धत बरी, हे मानतो. पण मेन क्लास असलेल्या छोट्या साधनांसाठी, आणि मुख्य म्हणजे रात्रीच्या बिल्डमध्ये माणसाशिवाय माहिती गोळा करायची असेल तेव्हा, टास्कच हवा. तिथे कमांडी फाइलमधूनच जाणार आहेत, टर्मिनलची गरजच नाही. उलट इनपुट आधीच ठरवून देणं हा तिथे फायदा आहे.

स्टॅकट्रेस

तिथेही जपून. जेडीबी फाइलमधल्या ओळी ब्रेकपॉइंट लागायची वाट न पाहता वाचत जातो. 'रन'च्या पुढच्याच ओळीवर 'व्हेअर' असेल तर प्रोग्राम अजून धावत असतो, थांबलेला थ्रेडच नाही असं उत्तर येतं आणि फाइल संपली की जेडीबी प्रोग्रामसकट बंद होतो. लॉगमध्ये काहीच उरत नाही. एकतर एक्सपेक्टसारख्या साधनाने प्रॉम्प्टची वाट पाहायची, नाहीतर 'मॉनिटर' वापरायचा: 'मॉनिटर व्हेअर' आणि 'मॉनिटर लोकल्स' आधी दिलं की प्रोग्राम थांबेल त्या प्रत्येक वेळी त्या कमांडी आपोआप चालतात. ब्रेकपॉइंट आणि हे मॉनिटर .जेडीबीआरसी फाइलमध्ये ठेवा. जेडीबी ती होम फोल्डरमध्ये आणि चालू फोल्डरमध्ये शोधतो. अनेक मॉड्यूलच्या प्रकल्पात एक्झेक प्लगइनसाठी चालू फोल्डर म्हणजे त्या मॉड्यूलचा फोल्डर, मुळाचा नाही. फाइल तिथे ठेवली नाही तर ती वाचलीच जाणार नाही.

अर्धविराम

मॉनिटरचं मान्य, टास्कमध्ये तो घालतो. टास्क मात्र काढणार नाही.