मदत हवी आहे: संगीतकार गोविंदराव टेंब्यांच्या चालींची वही वाचता येईल का कुणाला?

मंडळी, बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर आवरताना आजोबांच्या पेटीखाली कसरीने खाल्लेली एक वही सापडली. त्यात 'मानापमान'च्या पदांचे स्वर, समासात पेन्सिलीने 'काळी चार' (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज) आणि 'गो. टेंबे यांची चाल'.

टेंब्यांचा प्रवासही काय! १९११ ला किर्लोस्कर मंडळीच्या याच नाटकाला चाली, १९१३ ला गंधर्व मंडळीचे एक मालक, १९३२ ला 'अयोध्येचा राजा' चित्रपटात संगीत देऊन वर स्वतः हरिश्चंद्र!

अडचण स्वर लिहिण्याच्या खुणांची आहे. भातखंडे स्वरलेखन पद्धत मला येते, ही ती नाही. संगीतज्ञ मौलाबक्षांच्या बडोद्यातल्या गायनशाळेची असेल का? जाणकारांनी सांगावं, फोटो पाठवते. (लॅमिनेशन सुचवू नका, काका आधीच मागे लागलेत.)