“मोरसास गेला” : मोडी वाटणीपत्र आणि मॉरिशसची नोंद यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. घरातील लोखंडी पेटीत एक मोडी वाटणीपत्र मिळाले आणि ते जाणकाराकडून वाचून घेतले, तेव्हा खापरपणजोबांच्या धाकट्या भावापुढे “मोरसास गेला, परत आल्यास त्याचा तिसरा हिस्सा द्यावा” अशी ओळ निघाली. मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. कागदावर शके १७७९, माघ महिना आहे.

गेल्या वर्षी मॉरिशसमधील एका मराठी कुटुंबाशी ओळख झाली. त्यांनी आपल्या मूळ पुरुषाच्या नोंदीचा उतारा पाठवला. त्यात मुंबई बंदर, डिसेंबर १८५७ मध्ये आगमन आणि वय २२ असे आहे. त्याचे व वडिलांचे नाव आमच्या कागदाशी जुळते. परंतु दोन्ही नावे त्या काळी घरोघरी असत. शिवाय त्यांचे आडनाव निराळे आहे, गावाचे नाव ओळखू येत नाही आणि आमचा कागद तर जानेवारी-फेब्रुवारी १८५७ चा, म्हणजे त्या आगमनाच्या जवळजवळ वर्षभर आधीचा आहे. हा माणूस आमचाच असे कशाच्या आधारे म्हणावे?

प्रतिसाद १

तारखेची अडचण खरी नाही. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय आपल्या सर्वांनाच असते, पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन पौषाच्या सुमारास. त्यामुळे माघ-फाल्गुनातील कागदाला ७९ मिळवावे लागतात. आपला कागद १८५८ च्या सुरुवातीचा ठरतो. माणूस डिसेंबरात तिकडे उतरला आणि मागे राहिलेल्या भावांनी दोन महिन्यांनी वाटणी केली, हे अगदी सुसंगत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, म्हणून नावांतील वेलांटी-उकाराच्या फरकावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. साक्षीदारांची नावे मात्र अवश्य वाचून घ्या. लोक मुख्य मजकूर वाचून थांबतात आणि भाऊबंद, शेजारी, शेजारच्या वाड्या यांचा पत्ता त्या शेवटच्या चार ओळींतच असतो.

प्रतिसाद २

माझे सासर मॉरिशसमधील मराठी कुटुंबात आहे, म्हणून आडनावाबद्दल लिहिते. तिकडे नोंद करताना आपल्यासारखे कुळाचे आडनाव बहुधा आलेच नाही. स्वतःचे किंवा वडिलांचे नाव, फ्रेंच-इंग्रजी वळणाने कानाला ऐकू येईल तसे लिहिले गेले आणि पुढच्या पिढ्यांना तेच आडनाव म्हणून चिकटले. रामजी, बापू ही तिकडे आज आडनावे आहेत. त्यामुळे आडनाव न जुळणे हा विरोधी पुरावा नाही.

खरा धागा म्हणजे नावापुढचा स्थलांतरित क्रमांक. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, त्या बेटावर उतरले आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळाला. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. एकाच जहाजातील माणसांचे क्रमांक लागोपाठ असल्यामुळे त्या कुटुंबाला केवळ आपली ओळ न मागता वरच्या-खालच्या दहा-वीस ओळीही पाहायला सांगा. गावची माणसे जोडीने निघत. एका कारकुनाने बिघडवलेले गावाचे नाव पुढच्या ओळीत ओळखू येईल असे उमटलेले असू शकते. त्या ओळींतील नावे आपल्या साक्षीदारांच्या घराण्यांशी ताडून पाहा. १८६७ च्या कायद्यानंतर मजुरांच्या परवान्यावर छायाचित्र लावणे आवश्यक झाले, तेव्हा तो माणूस त्या वेळी हयात असल्यास त्याचा चेहराही मिळण्याची आशा आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. पत्र पुन्हा वाचून घेतले. तीन साक्षीदारांपैकी एक आमच्या खालच्या वाडीतला आहे आणि त्याच्या मुलापुढेही “मोरसास” हाच शब्द आहे. ते नाव मी त्या कुटुंबाला काल कळवले. ते शेजारच्या ओळी पाहण्यासाठी मोक्याला जाणार आहेत.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. आमच्या नदीकाठच्या भाताच्या एका कुणग्याला घरात सगळे “मोरसाचा” म्हणतात. तेथे पूर्वी मोर येत असतील, अशी आम्हा भावंडांची समजूत होती. वाटणीपत्रात राखून ठेवलेल्या तिसऱ्या हिश्शाच्या चतुःसीमा दिल्या आहेत, आणि त्या त्याच कुणग्याच्या आहेत.