अलिबागचा कुलाबा किल्ला : सहलीचा दिवस कसा ठरवावा?

प्रश्न (शिक्षिका, दारव्हा तालुका)

नमस्कार. आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांनी नरनाळा किल्ला पाहिला आहे, पण समुद्र एकानेही पाहिलेला नाही. म्हणून दिवाळीनंतरची सहल अलिबागला नेण्याचे ठरत आहे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, असे कळते. ती वेळ गावी बसून, रेल्वेची तिकिटे काढण्याआधीच ठरवता येईल काय? तिथे मुलांना नेमके काय दाखवावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षक, अंजनगाव सुर्जी)

ताई, पंचांग उघडा. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची ढोबळ वेळ मिळते, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या आसपास. रात्रभर गाडीत बसून आलेल्या मुलांना ही वेळ सोयीची पडेल.

प्रतिसाद (मूळ चंद्रपूर, नोकरीनिमित्त पेण)

सरांचे गणित बरोबर आहे, परंतु अष्टमीची निवड मला पटत नाही. त्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ, असतो. भरतीचे पाणी जसे कमी चढते तसे ओहोटीचेही कमी उतरते, आणि किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहण्याचा संभव असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीत, समुद्र खूप मागे हटतो, पण त्या दिवशी ओहोटी येते ती पहाटे आणि सायंकाळी. म्हणून त्यानंतरची तृतीया किंवा चतुर्थी घ्यावी : उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी आठ ते नऊच्या सुमारास मिळते. सहल आदल्या दिवशीच अलिबागला मुक्कामी पोहोचवावी. तरीही किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात उतरवू नये आणि पाणी फिरण्याआधी परत निघावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. मुलांना आधी तटाजवळ उभे करावे. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मारा तिथेच विरतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहता येईल. चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. गणेश पंचायतनाचे देऊळ राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून १७२१ मध्ये या किल्ल्यावर केलेली मोहीम मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांनी परतवली, तो प्रसंग तटावरच उभे राहून सांगावा. वर्गात त्याला इतका अर्थ येत नाही.

प्रतिसाद (ग्रंथपाल, आर्वी)

गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, असलेले कान्होजी १७२९ मध्ये वारले. हिराकोट हा गावातला छोटा किल्ला बाहेरूनच पाहावा. वेळ उरल्यास चुंबकीय वेधशाळेचा अवश्य विचार करावा. मुंबईच्या कुलाब्यात हे काम चालत असे. विजेच्या ट्राममुळे नोंदींत अडथळा येईल म्हणून १९०४ मध्ये ते अलिबागला आणले गेले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तिथे आजही होते. मात्र हे चालू कार्यालय असल्याने, मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र पाठवून परवानगी आधी घ्यावी.